नवा नळ, पण धार बारीक! – दोष शोधायचा कसा?



स्वयंपाकघरातला जुना गळका नळ काढून नवा चकचकीत नळ बसवला, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की पाणी बारीक येतंय. हंडा भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. मग घरात सल्ले सुरू होतात : "नळच खराब निघाला", "प्रेशर पंप बसवून टाका". पण नेमका दोष न शोधता खर्च केला, तर पैसे जातात आणि धार तशीच राहते. आजच्या लेखात दोष शोधण्याची सोपी रीत पाहू. हा आठवीच्या 'बल व दाब' पाठाचा चांगला उपयोजनात्मक धडाही आहे.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

'कमी येतं' हे मोजमाप नव्हे. १ लिटरची बाटली घ्या, नळ पूर्ण उघडा आणि किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर पाहा. ६० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. समजा, बाटली २० सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला ३ लिटर. मोरीतल्या नळाखाली तीच बाटली ८ सेकंदांत भरली, तर तिथे साडेसात लिटर. आता बोलायला आधार मिळाला. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. टाकीतली पातळी मात्र साधारण सारखी असू द्या.

दाब येतो कुठून?

आपल्या विंचूरसारख्या गावात बहुतेक घरांवर स्लॅबवर टाकी असते. या टाकीच्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीमुळे. सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार दाब मिळतो.

गणित करून पाहा. स्लॅब १० फुटांवर, टाकीखाली २ फुटांचा कट्टा, टाकीत ३ फूट पाणी. म्हणजे पाण्याची पातळी जमिनीपासून १५ फुटांवर. नळ साडेतीन फुटांवर. फरक साडेअकरा फूट, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर. दाब झाला जेमतेम ०.३५ बार, तोही टाकी भरलेली असताना. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर हाच दाब १ बारच्या पुढे जातो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टाकी मोठी केल्याने दाब वाढत नाही, उंच केल्याने वाढतो. दोन, दाब आधीच कमी असताना वाटेतला बारीकसा अडथळाही लगेच जाणवतो. काही नवे नळ जास्त दाबाचा विचार करून बनवलेले असतात. म्हणून खरेदी करतानाच डब्यावर किंवा माहितीपत्रकात किमान किती बार दाब लागतो ते वाचा.

तोंडाकडून टाकीकडे चला

आपल्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांना ही रीत नवी नाही. ठिबकचं पाणी कमी पडलं, तर कोणी लगेच मोटार बदलत नाही. आधी नळीचं टोक उघडून कचरा धुऊन काढतात, फिल्टरची जाळी पाहतात. सिंकच्या नळालाही तसंच करायचं.

पायरी १ : बाकीचे नळ पाहा. सगळेच बारीक असतील, तर दोष टाकीच्या बाजूला : टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद, टाकीत गाळ किंवा मुख्य पाइपमध्ये अडथळा. फक्त नवा नळच बारीक असेल, तर पुढे चला. गरम-गारचा मिक्सर असेल, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

पायरी २ : तोंडाची जाळी काढा. नळाच्या तोंडाशी गोल जाळी असते. दुकानात तिला एरेटर म्हणतात. ती पाण्यात हवा मिसळून धार मऊ करते. नवा नळ बसवताना पाइपमधली वाळू, गंजाचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटतात आणि थेट याच जाळीत अडकतात. जाळी फिरवून काढा आणि तिच्याशिवाय पुन्हा मोजा. २० सेकंदांचे ९ झाले, तर चोर सापडला! जाळी उलटी धरून धुवा, जुन्या टूथब्रशने घासा. तरीही धार बारीकच राहिली, तर कमी दाबासाठीची जाळी मागून घ्या.

पायरी ३ : अँगल कॉक. सिंकखाली भिंतीतून येणाऱ्या पाइपवर छोटा कॉक असतो. काम संपवताना तो पूर्ण उघडायचा राहून जातो. आधी तो पूर्ण उघडून पाहा.

पायरी ४ : जोडनळी. अँगल कॉक बंद करा. जोडनळीचं नळाकडचं टोक सोडवून बादलीत धरा आणि कॉक हळूच उघडा. पाणी जोरात आलं, तर दोष नळाच्या आत आहे. बारीकच आलं, तर नळी मुरगळली आहे का, वॉशर सरकून भोकावर बसलाय का ते पाहा. मग कॉक पुन्हा बंद करून नळी पूर्ण काढा आणि कॉकखाली बादली धरून तो क्षणभर उघडा. इथे जोर असेल, तर दोष नळीत. इथेही बारीक असेल, तर कॉकमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपात.

पायरी ५ : पाइप. इथे बहुधा तीन कारणं असतात. सांध्यात जास्त लावलेलं सोल्युशन आत जमून वाट अरुंद करतं. व्यास निम्मा झाला की पाणी जायची जागा चौथाई उरते, हे वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं गणित मुलांना इथे नीट पटतं. दुसरं, पाइप वर जाऊन खाली आला असेल, तर उंचवट्यावर हवा कोंडते. पाणी थांबत थांबत, फुसफुसत येतं. तिसरं, जुन्या लोखंडी पाइपात आतून गंज धरतो. या कामांसाठी प्लंबरच बोलवा. पण आता त्याला "नळ बघा" न म्हणता "अँगल कॉकपर्यंतच पाणी कमी येतंय" असं नेमकं सांगता येईल.

महिन्याभराने धार कमी झाली तर?

बोअरचं पाणी दुष्फेन असेल, तर जाळीवर पांढरे क्षार बसतात, जसे पातेल्याच्या तळाला दिसतात. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवा आणि धुऊन लावा. फरशीचं ॲसिड वापरू नका. नळाचा मुलामा जातो आणि हातही भाजतात.

हे मात्र जपा

- गरम बाजूला हात लावण्याआधी गिझर बंद करून पाणी गार होऊ द्या.
- सिंकच्या भोकात फडकं ठेवा, नाहीतर वॉशर वाहून जाईल.
- प्लास्टिकच्या आट्या पान्याने फार आवळू नका.
- धार वाढावी म्हणून ग्रामपंचायतीच्या नळजोडणीवर थेट मोटार लावू नका. ती शेजाऱ्यांचं पाणी ओढते. शिवाय लाइनला कुठे गळती असेल, तर आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं आणि तेच पिण्यात येतं. पंप खरंच लागणार असेल, तर तो आपल्या टाकीनंतर बसवा.

शाळेसाठी उपक्रम

मुलांचे गट करा. शाळेतला प्रत्येक नळ तीन वेळा मोजा, सरासरी काढा आणि तक्ता करा : नळ क्रमांक, सेकंद, मिनिटाला लिटर. सगळ्यात मंद नळाची जाळी शिक्षकांनी काढून द्यावी, मुलांनी धुवावी आणि पुन्हा मोजावं. मोजताना पाणी बादलीतच धरा आणि झाडांना घाला. पोषण आहाराआधी हात धुवायची रांग लांबत असेल, तर तिचं कारण याच तक्त्यात सापडू शकतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं, ही सवय प्रयोगशाळेत लागते तशी सिंकखालीही लागते. या रविवारी मुलांना सोबत घेऊन घरचे नळ मोजून पाहा.