फाळक्याचे रबरी गुटके

तुमच्या पिकअपचा मागचा फाळका लावताना कधी निरखून पाहिला आहे काय? फाळका जिथे हौद्याला टेकतो तिथे दोन्ही बाजूंस बहुधा सुपारीएवढे रबरी गुटके असतात. गोण्या ओढताना, क्रेट सरकवताना ते निसटतात आणि शेणखतात कुठे गेले ते कळतही नाही.

गुटका गेला की लोखंडावर लोखंड आपटते. खडखडाट तर होतोच. पण आधी रंग उडतो, मग तिथे गंज धरतो. युरिया, पोटॅश वाहणाऱ्या गाडीत तर फार लवकर, कारण खताचे कण ओल धरून ठेवतात. कडी आणि बिजागरीची खीळ झिजते ती वेगळीच. झिजलेली कडी घाटात उघडली तर माल रस्त्यावर येतो आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतते.

म्हणून गाडी धुतल्यावर गुटके हाताने चाचपावेत. स्क्रूने बसवलेले असल्यास स्क्रू आवळावा. डिझेलने मात्र पुसू नयेत. साधे रबर डिझेलने फुगते व मऊ पडते. साबणाचे पाणी पुरे. नवा मिळेपर्यंत जुन्या टायरचा तुकडा कापून बसवता येतो. त्याची जाडी शिल्लक राहिलेल्या गुटक्याइतकीच ठेवावी. जाड झाला तर कडी पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेल्या कडीपेक्षा खडखडाट परवडला. दुकानातून आणताना एक जास्तीचा आणून गाडीच्या कप्प्यात टाकून ठेवावा.