इंग्रजी संबंधी उपवाक्य आणि मराठीतील ‘जो–तो’ रचना

इंग्रजीतील ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ या संबंधी सर्वनामांना ‘जो’ हा मराठी प्रतिशब्द देण्याची प्रथा शालेय व्याकरणातून रूढ झाली आहे. शब्दाच्या पातळीवर ती सोयीची असली, तरी वाक्यरचनेच्या पातळीवर ती दिशाभूल करते.

इंग्रजीत नाम आधी येते व उपवाक्य त्याच्या पाठोपाठ. मराठीत ‘जो’चे उपवाक्य सामान्यतः आधी येते आणि मुख्य वाक्यातील ‘तो’ त्याची पूर्ती करतो. शिवाय मराठीच्या एकाच उपवाक्यात दोन संबंधी सर्वनामे सहज नांदतात : ‘ज्याने जे मागितले, त्याला ते मिळाले.’ नामाला जोडलेल्या इंग्रजी उपवाक्यात अशी दुहेरी योजना करता येत नाही.

अर्थदृष्ट्या इंग्रजी संबंधी उपवाक्याचे दोन प्रकार होतात : मर्यादक आणि अमर्यादक. ‘द टीचर्स हू वेअर टायर्ड वेंट होम’ या वाक्यात थकलेलेच शिक्षक घरी गेले, असा अर्थ आहे. ‘टीचर्स’ आणि ‘टायर्ड’ या शब्दांपुढे स्वल्पविराम दिल्यास उपवाक्य अमर्यादक होते. सर्वच शिक्षक थकले होते व सर्वच घरी गेले, असा अर्थ निघतो. अशा अमर्यादक उपवाक्यात ‘दॅट’ची योजना सहसा केली जात नाही.

हा भेद मराठीत स्वल्पविरामाने नव्हे, तर रचनेने व्यक्त होतो. ‘जे शिक्षक थकले होते, ते घरी गेले’ ही रचना मर्यादक आहे. अमर्यादक अर्थासाठी ‘शिक्षक थकले होते, ते घरी गेले’ अशी स्वतंत्र वाक्येच स्वाभाविक ठरतात. तिसरा पर्याय धातुसाधित विशेषणाचा : ‘थकलेले शिक्षक घरी गेले.’ हा सर्वांत सुटसुटीत, पण संदर्भावाचून दोन्ही अर्थांना वाव देणारा. म्हणून तो सरसकट वापरणे धोक्याचे आहे. ‘परवाना नसलेल्या विक्रेत्यांना हटवावे’ या वाक्यातून सर्व विक्रेते हटवायचे की काहीच, हा निर्णय वाचकावर सोपवला जातो. मूळ इंग्रजी वाक्यात मात्र तो स्वल्पविरामानेच झालेला असतो.

‘माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, उद्या येणार आहे’ यांसारखी वाक्ये अनुवादित गद्यात वारंवार आढळतात. त्यांतील दोष ‘जो’ या शब्दाचा नाही. इंग्रजी पदक्रम मराठीवर लादल्याचा तो परिणाम होय. अनुवादकाने आणि अध्यापकाने ‘हू’चा प्रतिशब्द शोधण्यापूर्वी हे उपवाक्य नामाला मर्यादा घालते की केवळ अधिक माहिती देते, हे ठरवणे आवश्यक आहे. मराठी रचनेची निवड त्या उत्तरावर अवलंबून असते.