आज्ञावलींतील पाठभेद

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ह्यांतील भेद मराठी माणसास शिकवावा लागत नाही. एक शब्द डोंगराचा, दुसरा समुद्राचा; लेखनात मात्र हा भेद ‘र’च्या एका आकृतीवर उभा आहे. संगणकाच्या पडद्यावर ती आकृती उमटावी म्हणून फाँट आणि अक्षरजुळणी करणारी आज्ञावली ह्या दोहोंचा मेळ बसावा लागतो. फाँटमध्ये दोष राहिला, तर जेऊरच्या एखाद्या शाळेतील संगणकावर दऱ्यांच्या जागी समुद्र अवतरेल.

हा दोष कोणी व कोठे सुधारावयाचा? लोहित ह्या फाँटचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून मिळालेला हा फाँट रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. फेडोरा, डेबियन, उबुंटू ही लिनक्सची वितरणे, म्हणजे हजारो आज्ञावली जुळवून तयार केलेले संग्रह, तो मूळ ठिकाणाहून घेतात आणि गरजेप्रमाणे त्यास आपापल्या दुरुस्त्या जोडतात. अशा दुरुस्तीस ‘पॅच’ म्हणतात. ‘ठिगळ’ हा शब्द सुचतो खरा, परंतु ‘पाठभेद’ अधिक जवळचा आहे. कोणत्या ओळी गाळल्या व कोणत्या घातल्या, हे पॅचमध्ये लिहिलेले असते. जागा ओळखता यावी म्हणून शेजारच्या काही ओळीही दिलेल्या असतात. त्यावरून दुरुस्ती आपोआप बसविणारी आज्ञावली लॅरी वॉल ह्यांनी 1985 मध्ये रचली. (वॉल ह्यांचे उच्च शिक्षण भाषाशास्त्रातले, हा योगायोग मानावयाचा की काय, ते वाचकांनी ठरवावे.) मूळ संहितेच्या पुढील आवृत्तीत त्या शेजारच्या ओळी बदलल्या, की पॅच बसत नाही, तो हाताने नव्याने जुळवावा लागतो. तीन वितरणांनी तीच दुरुस्ती स्वतंत्रपणे बाळगली, तर हे श्रम तिप्पट होतात.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. एका लेखकाने आपल्या पोथीत केलेला फेरफार तिच्यावरून उतरलेल्या प्रतींतच वाहत जातो. एकनाथांना शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली, ती अशाच साचलेल्या पाठांमुळे.

चुकीचा फेरफारही असाच वाहतो. गुप्तकिल्ल्या निर्माण करणाऱ्या ओपनएसएसएलमधील काही ओळींवर एका तपासणी-साधनाने हरकत घेतली, म्हणून 2006 मध्ये डेबियनने त्या गाळल्या. तत्पूर्वी मूळ कर्त्यांच्या मंडळीत विचारणा झाली होती. तथापि प्रत्यक्ष बदल डेबियनच्याच प्रतीत राहिला आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूत उतरला. किल्ली ज्या अनिश्चिततेमुळे दुर्भेद्य ठरते, तीच त्यामुळे नाहीशी झाली. ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या सुमारे 32 हजारच संभवत होत्या. एवढ्या तपासून पाहणे संगणकास मुळीच जड नाही. हे उघडकीस आले ते मे 2008 मध्ये.

2009 मध्ये डेबियनमध्ये प्रत्येक पॅचच्या शिरोभागी काय नोंदवावे, ह्याचा मसुदा तयार झाला: दुरुस्तीचे कारण, ती कोठून आली, कोणी तपासली आणि मूळ कर्त्यांकडे पाठविली की नाही. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. फेडोराचा संकेत तर दुरुस्ती प्रथम मूळ ठिकाणीच द्यावी असा आहे. दऱ्यांची दुरुस्ती लोहितच्या मूळ संग्रहात स्वीकारली गेली, की पुढील आवृत्तीबरोबर ती प्रत्येक वितरणात पोहोचते आणि तेथील पॅच काढून टाकता येतो.