बाळाच्या पोटातली वस्ती

गेल्या वर्षी आमच्या भाचीच्या बाळाचा अकीका होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात देग चढलेली, आतल्या खोलीत बायकांची गर्दी. तेवढ्यात बाळाची दादी मधाची बाटली घेऊन आली. बोटावर मध घेऊन ती सात दिवसांच्या बाळाच्या ओठांना लावणार, इतक्यात भाची म्हणाली, "अम्मी, नको. डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केलीय."

खोली गप्प झाली. दादीचा हात तसाच राहिला. "आमची पाच पोरं मधावरच वाढली. मधात तर शिफा आहे," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. "तुम्ही शाळेत शिकवता ना? तुम्हीच सांगा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. "डॉक्टर सांगतात तसं करा" एवढंच पुटपुटलो. वर्गात मुलांना "का, ते विचारा" असं रोज सांगायचं आणि घरातल्या 'का'पुढे गप्प बसायचं, हे मनाला लागलं. शिवाय एक जुनी बोच होतीच. आमच्या थोरल्या मुलीच्या वेळी आमच्याच घरात पहिल्या दोन दिवसांचा पिवळसर चीक "जड असतो" म्हणून पिळून टाकला होता आणि बाळाला साखरेचं पाणी पाजलं होतं. तेव्हाही 'का' असं कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. त्या अकीक्यानंतर जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते आज वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवत आहोत.

दुधातली साखर कुणासाठी?

आपल्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. जंतू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो. पण यांतले बहुतेक आपले सोबती आहेत. जन्माच्या वेळी आणि त्यानंतर आईच्या अंगावरून, दुधातून, घरातून ते बाळाच्या पोटात येतात आणि तिथे वस्ती करतात. ही वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बाळाच्या पोटात काय जातं, याला इतकं महत्त्व आहे.

1900 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री तिसिये या डॉक्टरांना आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या शीमध्ये एक वेगळाच, दोन फाटे फुटलेला जिवाणू भरपूर सापडला. त्याच्याच कुळाला आज बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात. तो अंगावर पिणाऱ्या बाळांत एवढा का वाढतो, याचं उत्तर पुढच्या काळात मिळत गेलं, आणि ते ऐकून आम्ही थक्क झालो.

आईच्या दुधात नेहमीची दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर सर्वांत जास्त प्रमाणात असतात त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार ओळखले गेले आहेत. गंमत अशी की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. आई स्वतःच्या शरीरातली ताकद खर्चून असं काही बनवते, जे बाळाच्या उपयोगाचंच नाही! मग ते कुणासाठी? तर बाळाच्या आतड्यातल्या त्या जिवाणूंसाठी. त्यांतला इन्फॅन्टिस हा प्रकार या शर्करांवर पोसला जातो, आतड्यात आम्लता तयार करतो आणि रोगकारक जंतूंना पाय रोवू देत नाही. आई एका वेळी दोघांना दूध पाजते म्हणा ना: बाळाला, आणि बाळाच्या पहारेकऱ्यांना. चिकात तर या शर्करा आणि रोगप्रतिकारक द्रव्यं नंतरच्या दुधापेक्षाही जास्त असतात. आमच्या घरात त्या दिवशी काय ओतून टाकलं होतं, ते इतक्या वर्षांनी कळलं.

सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्याला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यावं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून पुढे चालू ठेवावं. 'फक्त' म्हणजे फक्त. मे महिन्याच्या उन्हातही वरचं पाणी नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं वेगळं.

आणि मध?

आता दादींच्या प्रश्नाचं उत्तर. मधात काही वेळा बोट्युलिझम या रोगाच्या जिवाणूचे सुप्त बीजाणू असतात. मध कितीही शुद्ध असला तरी हे होऊ शकतं. आपण मध खातो तेव्हा आपल्या आतड्यातली भरलेली वस्ती त्या बीजाणूंना रुजू देत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात ती वस्ती अजून बसलेलीच नसते. रिकाम्या रानात तण उगवावं तसे ते तिथे रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, मान लुळी पडते, रडणं क्षीण होतं, श्वासही अडू शकतो. हा आजार विरळा आहे. पण झाला तर जिवावर बेततो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. मधात शिफा आहेच. पण औषधालाही वय असतं.

तहनीकच्या हदीसांत उल्लेख खजुराचा आहे. घरात तहनीक करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, हात स्वच्छ धुतलेले असावेत, सर्दी-खोकला असलेल्यांनी करू नये आणि टाळूला लागेल तेवढंच घ्यावं.

ढाक्याच्या झोपडपट्टीतला धडा

सहा महिन्यांनंतरची गोष्ट वेगळी. ती समजायला आपण ढाक्याला जाऊ. तिथल्या मीरपूर भागातल्या झोपडपट्टीतल्या मुलांवर बांगलादेशातले डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी अनेक वर्षं काम केलं आहे.

डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. कुपोषित मुलाला पौष्टिक अन्न दिलं की त्याचं वजन वाढतं, पण घरी गेल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा मागे पडतं. असं का? त्यांनी मीरपूरच्या सुदृढ बाळांची शी जन्मापासून दोन वर्षांपर्यंत दर महिन्याला तपासली. कोणत्या वयात कोणते जिवाणू येतात, याचा क्रम त्यातून मिळाला. दात येण्याचा किंवा रांगण्याचा क्रम असतो, तसाच हा. मग कुपोषित मुलांची शी तपासली, तर त्यांच्या पोटातली वस्ती वयाच्या मानाने 'लहान' निघाली. मूल दीड वर्षाचं, पण पोटातले जिवाणू त्याहून बऱ्याच लहान बाळासारखे. नेहमीचं उपचाराचं अन्न दिलं की ही वस्ती थोडी पुढे सरके आणि अन्न थांबलं की पुन्हा मागे येई. 2014 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच्या आदल्या वर्षी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या जुळ्या मुलांचा अभ्यास झाला होता. एकाच आईची, एकाच घरात वाढणारी जुळी. एक सुदृढ आणि दुसरं अंगावर सूज आलेलं कुपोषित. दोघांच्या पोटातले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले आणि उंदरांना मलावीतलंच साधं जेवण दिलं. कुपोषित मुलाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन झपाट्याने घटलं. म्हणजे ताटात काय पडतं याबरोबरच आत जेवायला कोण बसलं आहे, हेही महत्त्वाचं.

मग ढाक्यात प्रश्न उलटा विचारला गेला: मागे राहिलेल्या जिवाणूंना आवडेल असं अन्न कोणतं? स्थानिक पदार्थ एकेक करून तपासले. शेवटी जे मिश्रण ठरलं, त्यात होतं हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणे, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं. सोबत साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. 12 ते 18 महिन्यांच्या 123 कुपोषित मुलांचे दोन गट केले. एकाला हे मिश्रण, दुसऱ्याला तांदूळ, मसूर आणि दूध पावडर असलेलं प्रचलित पूरक अन्न. रोज दोनदा, तीन महिने. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरीही त्या गटातल्या मुलांच्या वजनवाढीचा वेग जास्त दिसला. त्यांच्या रक्तात हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिनंही वाढलेली आढळली. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

हा चमत्कार नव्हे. मुलं थोडी होती, काळही थोडा होता. पण "पोट भरलं की झालं" या आपल्या समजुतीला त्याने धक्का दिला, हे नक्की.

आपला दस्तरख्वान

हे सगळं दूरच्या गावचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांनुसार आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरांतली 35 मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि 25 हून अधिक मुलं उंचीच्या मानाने हडकुळी. वर्गात तिसऱ्या तासाला डोकं टेकवणारी मुलं आम्ही रोज बघतो. "सकाळी काय खाल्लंस?" विचारलं की उत्तर ठरलेलं: चहा-बटर. त्याच चहात बुडवलेलं बिस्किट त्यांच्या घरातल्या आठ महिन्यांच्या भावंडालाही चारलं जातं. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसं काही नसतं.

मीरपूरच्या त्या मिश्रणातली कोणती वस्तू आपल्या स्वयंपाकघरात नाही? मात्र ते मोजून-मापून, औषधासारखं दिलेलं होतं. बाळ खरोखर सुकत असेल तर घरगुती प्रयोग न करता अंगणवाडीत वजन करून घ्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं. सुदृढ बाळासाठी सहा महिन्यांनंतर आपण एवढं नक्की करू शकतो:

मऊ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, शिजवून कुस्करलेलं केळं, हरभरा डाळीचं वरण, थोडं तेल किंवा तूप. शेंगदाणा द्यायचा तर अगदी बारीक वाटून, अन्नात मिसळून, आधी थोडासा; अख्खा दाणा घशात अडकतो. अंडं, काटे काढलेला मासा, बारीक शिजवलेला खिमा हेही सहा महिन्यांनंतर चालतं, कारण त्या वयात बाळाला लोहाची फार गरज असते. घरी खिचडा शिजतो तेव्हा मसाला घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढावी. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र घोटणाऱ्या आपल्या दादी-नानींना पोषणाचं शहाणपण नव्हतं असं कोण म्हणेल?

आणखी एक. सर्दी झाली की मेडिकलमधून आधीची अँटिबायोटिकची बाटली परत आणण्याची सवय सोडायला हवी. ते औषध रोगजंतूंबरोबर सोबत्यांनाही मारतं. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं. पण ती गरज डॉक्टरांनी ठरवायची.

परवा भाचीकडे गेलो होतो. बाळ आता वर्षाचं झालं आहे. दादी त्याला मांडीवर घेऊन वरण-भात भरवत होत्या. आम्ही रिकाम्या पोटातल्या त्या वस्तीची हकिगत त्यांना सांगितली. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं समजावून सांगितलं असतं तर मी कशाला हट्ट धरला असता? 'नको' म्हटलेलं लागतं हो. कारण सांगितलं तर मन मानतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी चूक त्यांची नव्हती, आमच्या गप्प बसण्याची होती. निघताना त्यांनी विचारलं, "आता वर्ष झालं ना? मग थोडा मध चालेल?"

"आता चालेल," आम्ही म्हणालो. त्या उठल्या आणि कपाटातून तीच बाटली काढून आणली.