फणसाची सावली

पोलादपूरला आमच्या काकांचे जुने घर आहे. मे महिन्यात त्यांनी छपरावर तीन किलोवॅटचे सोलर बसविले आणि "आता सूर्यनारायण आपला वायरमन!" असे मला मोठ्या ऐटीत फोनवर ऐकविले. डिसेंबरात गेलो, तेव्हा तो स्वर उतरला होता. ऊन लख्ख, पण वीज बेताचीच. बसविणारा सांगून गेला होता, "अंगणातला फणस तोडा." तो फणस काकूंनी लावलेला, काकू आता नाहीत. काका म्हणाले, "अरे, तू प्रोफेसर ना? बघ काही वाट निघते का."

मराठी शिकविणाऱ्याला सूर्याचे गणित कुठले? पण खडूचा तुकडा घेऊन मी दोन दिवस छपराकडे पाहत राहिलो, आणि हळूहळू उलगडा झाला.

महाड-पोलादपूर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून येथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढेच कलते ठेवतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी माथ्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकतो, दुपारीही ४९ अंशांच्या वर चढत नाही. घराच्या दक्षिणेचा फणस मेमध्ये छपराला शिवतही नव्हता. आता त्याची सावली थेट पॅनेलांवर पसरत होती. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली, तरी बाकीच्यांना झळ पोहोचते.

पूर्वेला महाबळेश्वरचे डोंगर असल्याने सकाळचे ऊन गावात उशिरा उतरते. तेव्हा येथे पॅनेलांचे तोंड पूर्वेला करणे तोट्याचेच. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हाही भ्रम. पॅनेलाची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये वारा खेळायला जागा हवी.

पावसाळ्याची कथा निराळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात जून ते सप्टेंबर ढगांचेच राज्य. उन्हाळ्यात नेट मीटरवर जमा झालेली वीज तेव्हा उपयोगी पडते. मात्र बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज जाताच सोलरही बंद पडते; तारेवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ती सोय आहे. २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. तसल्या रात्री घरात दिवा हवा असेल, तर बॅटरीला पर्याय नाही.

खडूच्या खुणांनी एक गोष्ट दाखविली: मागच्या गोठ्याच्या पत्र्यावर नऊपासून तीनपर्यंत कसलीच सावली येत नव्हती. जानेवारीत पॅनेले तिकडे हलली. खर्च पडला, पण फणस वाचला. उन्हाळ्यात गरे पुढे करीत काका म्हणाले, "तुझ्या काकूला सांगायला हवे होते रे हे."

वाचकहो, यंदा दिवाळीनंतर सोलरचा बेत असेल, तर छपराची पाहणी डिसेंबरच्या उन्हात करा. मेमधला सूर्य कोणाचीच सावली दाखवीत नाही.