उताऱ्यावर स्त्रीचे नाव

पेरणी, खुरपणी, काढणी व मळणी या सर्व कामांत स्त्रीचे श्रम खर्ची पडतात; परंतु सातबाराच्या उताऱ्यावर नाव बहुधा पतीचेच असते. पतीने टाकून दिल्यास, जन्मभर राबलेल्या रानावर तिला हक्क दाखविता येत नाही.

हा अन्याय दूर व्हावा म्हणून १९८० नंतरच्या दशकात सांगली व सातारा जिल्ह्यांत स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता स्त्रियांस संघटित केले. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर या कार्यात अग्रभागी होत्या. स्वतंत्र शिधापत्रिका, घरास जागा व कसावयास जमीन या प्रमुख मागण्या होत्या. एकटीचे गाऱ्हाणे घरातच दबते. अनेकींनी मिळून मांडलेली मागणी कचेरीपर्यंत पोचते.

मात्र संकट येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनुसार पतीने तलाठ्याकडे अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर लावता येते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीसही मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर मिळाला आहे.

ग्रामसेवकांनी ही माहिती महिला मंडळांत समजावून सांगावी. शेतकरी बंधूंनीही अर्ज करण्यास विलंब लावू नये. नाव लागल्यावर उतारा घेऊन तो पत्नीस वाचून दाखवावा.