सुरीचे म्यान

विळी हे आपल्या माजघरातील जुने शस्त्र. काम संपले की मिटत्या विळीचे पाते पाटावर निजवावे आणि विळी भिंतीशी टेकवून ठेवावी. तिला म्यान कधी लागले नाही. पुढे उभ्याने काम करण्याचे ओटे आले आणि विळीचे बरेचसे काम सुरीकडे गेले. सुरीला मात्र मिटता येत नाही. खणात चमच्यांच्या गर्दीत ती उघडी पडून राहते. तेथे तिची धार जाते आणि काही शोधू पाहणारा हात, बहुधा घरातील लहानग्याचा, कापला जातो. तलवारीसाठी लाकडी फळ्यांवर चामडे वा मखमल मढवून, तोंडाशी मोहनाळ व टोकाशी तहनाळ बसवून म्यान घडविणारा आपला समाज सुरीच्या बाबतीत इतका निष्काळजी का असावा, हे आम्हांस एक कोडेच वाटते.

हे काम नवशिक्यासही साधण्याजोगे आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगून ठेवतो. रोज ओली होणाऱ्या सुरीला चामडे नको. तिला जाड पुठ्ठ्याची, मळली की टाकून देता येईल अशी खोळ पुरे. चामड्याचे म्यान बागेतील अथवा प्रवासातील सुरीसाठी करावे.

चामडे झाडाच्या सालीने कमावलेले व सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे असावे. क्रोमने कमावलेले मऊ चामडे आकार धरत नाही. याखेरीज आरी, दोन दाभणे, मेण लावलेला जाड दोरा, चिकटविण्याचे सोल्युशन व पॉलिश पेपर एवढे साहित्य पुरते.

प्रथम पात्यास कागदी चिकटपट्टी गुंडाळावी. मग सुरी पुठ्ठ्यावर ठेवून पात्याची आणि मुठीच्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरची कड रेखावी. पात्याच्या पाठीवर सुरी उलटवून दुसरी बाजू रेखावी. धारेच्या बाजूस दोन्हीकडे दीड सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठा कापावा, दुमडावा आणि सुरी आत-बाहेर करून पाहावी. पुठ्ठा बिघडला तर दुसरा मिळतो. चामडे एकदा कापले की कापले. ही पायरी उतावळेपणाने कुणी गाळू नये.

आता या कामाचे मर्म. नुसते चामडे दुमडून शिवले, तर सुरी आत सारताना धार थेट टाक्यांवर येते, दोरा कापते आणि एखाद्या दिवशी म्यानातून बाहेर येऊन हातात शिरते. म्हणून दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, त्याच चामड्याची एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी घालावी. तिची जाडी पात्याहून कमी नसावी. धार त्या पट्टीवर टेकते आणि टाके सुरक्षित राहतात. तयार म्यानात ही पट्टी कुणाच्या नजरेत भरत नाही; तथापि म्यानाचा सारा भरवसा तिच्यावरच असतो.

पट्टी व दोन्ही पदर चिकटवून वाळू द्यावेत. बाहेरील कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत रेघ आखून, दर पाच मिलिमीटरवर आरीने भोक पाडावे. शिवणीस पुरून उरेल इतका लांब दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना दाभण ओवावे. प्रत्येक भोकातून दोन्ही दाभणे समोरासमोरून न्यावीत आणि दोरा सारख्या ताणाने आवळावा. अशा शिवणीत एखादा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा चामडे धरून ठेवतो. शेवटी दोन टाके मागे घेऊन दोरा कापावा.

कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. मग म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवावे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सुरी आत घालावी आणि बोटांनी दाबून चामड्यास तिचा आकार द्यावा. वाळवावे ते सावलीत. उन्हात चामडे कडक होऊन तडकते. पुरते वाळल्यावर वरून थोडे मेण चोळावे. म्यान उलटे धरले असता सुरी आपोआप पडू नये, आणि अंगठ्याने रेटताच सुटावी, ही त्याची परीक्षा. ओली सुरी म्यानात घालू नये, तशीच महिनोन्महिने त्यात ठेवूही नये. चामडे ओल धरते आणि पाते गंजते.

विद्यार्थ्यांकडून हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली जरूर करवून घ्यावे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी मानले. शाळांनी ते पुस्तकात ठेवले, हातात फारसे येऊ दिले नाही. त्यातही चामडे हा विषय अधिक अवघड. पायांत चामडे चालते, हाताला मात्र त्याचा स्पर्श नको, ही विसंगती सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाही. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. त्यांत आमचा बेळगाव जिल्हाही आहे. त्या गौरवाचा अभिमान आपण बाळगतो. पण ज्यांच्या हातांनी तो मिळविला, त्यांच्याशी चपलेच्या किमतीवरून घासाघीस करण्यास चुकत नाही.

वीतभर शिवण सरळ रेषेत उतरविताना बोटे दुखू लागली, म्हणजे त्या हातांचे मोल व्याख्यानावाचून कळते. घरात एक सुरी सुरक्षित होईल, हा लाभ आहेच. मुलाने पुढच्या खेपेस चपलेची किंमत पाडून मागितली नाही, तर तो लाभ आम्ही अधिक मोठा मानू.